३१ मेपर्यंत उत्तर द्या: गाडी कोण थांबवणार?

प्रति,
एसटी महामंडळाचे सर्व विभाग नियंत्रक. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि राष्ट्रीय महामार्ग यांचे जबाबदार अभियंते. मध्य रेल्वे आणि कोकण रेल्वेचे परिचालन अधिकारी. आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने सर्व जिल्हाधिकारी यांस,

आज ३० एप्रिल. उद्या महाराष्ट्र दिन. उद्यापासून मोजून एक महिना तुमच्या हातात आहे. २०२५ साली पाऊस मे संपायच्या आतच कोकणात उतरला आणि २६ मेला मुंबईत पोहोचला. तेव्हा 'पावसाळ्याला अजून वेळ आहे' हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. ३१ मे ही शेवटची तारीख आहे.

आमचा प्रश्न एकच आहे. पाणी चढू लागले, दरड सुटू लागली, पुलाचा भरवसा राहिला नाही, तर गाडी थांबवण्याचा हुकूम कोण देणार? त्या अधिकाऱ्याचे पद काय? त्याचा फोन कोणता? रात्री दोन वाजता तो फोन कोण उचलणार? आणि हुकूम निघाल्यापासून स्टिअरिंगवरच्या माणसाच्या कानापर्यंत पोहोचायला किती मिनिटे लागणार?

आपत्ती आराखड्याची फाईल दाखवू नका. ती तुमच्या प्रत्येक कार्यालयाच्या कपाटात आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. या प्रश्नांची उत्तरे नाव, पद आणि नंबरानिशी जाहीर करा. न केल्यास आम्ही काय करणार, तेही याच पत्रात लिहिले आहे.

सावित्रीवर वाहने कोणी अडवली?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानींचा पूल पुरात गेला. मुंबई–गोवा महामार्गावरचा हा पूल. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि एक तवेरा त्या काळोखात सरळ नदीत गेल्या. मृतदेह शोधण्यात दिवसामागून दिवस गेले. काही तर पार समुद्रकिनाऱ्यावर सापडले. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची तपासणी झाली होती आणि त्याला धोका नाही असा निर्वाळा मिळाला होता, हे सरकारनेच तेव्हा सांगितले.

त्या रात्री मागून येणारी वाहने कोणी अडवली? नियंत्रण कक्षाने नाही, महामार्ग विभागाने नाही. पुलाजवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका माणसाच्या लक्षात आले की पुढे पूलच उरलेला नाही. तो भर पावसात रस्त्यावर आला आणि त्याने गाड्या थांबवायला सुरुवात केली. तो नसता तर बळींचा आकडा कुठे गेला असता, याचा विचार करवत नाही. राष्ट्रीय महामार्गावरच्या शेकडो प्रवाशांचा जीव एका गॅरेजवाल्याच्या प्रसंगावधानावर अवलंबून होता. ही तुमची पूर्वतयारी!

नवा पूल पुढे १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे मनावर घेतले की काम होते, हे तुम्हीच सिद्ध केले आहे. मग नदीला पाणी किती आल्यावर पूल बंद करायचा आणि तो कोणी बंद करायचा, एवढे ठरवून जाहीर करायला किती दिवस लागतात?

चिपळूणचे आगार

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळूण शहरात घुसली. एसटीचे आगार पाण्याखाली गेले. आगार व्यवस्थापक जवळजवळ नऊ लाखांची रोकड सांभाळत बसच्या टपावर चढले आणि तासन्‌तास तिथेच बसून राहिले. खाली सगळीकडे पाणी आणि त्यात बुडालेल्या गाड्या. त्यांच्या निष्ठेचे कौतुक सगळ्यांनी केले. आम्हीही करतो. पण त्यांना टपावर चढण्याची वेळ ज्यांनी आणली, त्यांना जाब कोणी विचारला?

चिपळूणमध्ये पाणी कुठवर येते हे तिथल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. २००५ च्या पुराने ते सगळ्यांना दाखवले होते. निदान सोळा वर्षांनंतर तरी गाड्या किती पाण्याला हलवायच्या, कुठल्या उंच जागेवर लावायच्या, रात्री तेवढे चालक कुठून आणायचे, रोकड आणि तिकीट यंत्रे कोणी उचलायची, हे ठरलेले असते तर त्या माणसाला जीव टांगणीला लावून बसावे लागले नसते. शिवाय आगारातली गाडी बुडते तेव्हा नुसते महामंडळाचे नुकसान होत नाही. ज्या गाड्यांनी दुसऱ्या दिवशी पूरग्रस्तांना बाहेर काढायचे, औषधे आणि माणसे पोहोचवायची, त्याच गाड्या चिखलात रुतून बसतात. आपत्तीच्या दिवशी बस हे मदतीचे साधन असते, आणि ते साधनच तुम्ही पुराच्या तोंडी देता.

असे इथेच घडते असे नाही. पण ज्यांनी वेळेवर हुकूम दिला आणि ज्यांनी दिला नाही, त्यांच्यातला फरक जगाने पाहिला आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ न्यूयॉर्कवर येत होते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने वादळाच्या आदल्या संध्याकाळीच सेवा बंद केली आणि गाड्या सखल यार्डांतून हलवल्या. भुयारांत पाणी शिरले, तरी बहुतांश गाड्या शाबूत राहिल्या आणि काही दिवसांत सेवा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. नदीपलीकडच्या न्यू जर्सीच्या रेल्वेने मात्र आपल्या गाड्या सखल यार्डांतच उभ्या ठेवल्या. तीनशेहून अधिक डबे आणि इंजिने खाऱ्या पाण्यात सापडली. वादळ तेच आणि रात्रही तीच होती. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या नागानोच्या आगारात बुलेट ट्रेनच्या १० गाड्या, म्हणजे १२० डबे, पुरात बुडाले आणि भंगारात काढावे लागले. ते आगार पूरक्षेत्रात असल्याचे नकाशावर आधीच नोंदलेले होते. नकाशा होता, हुकूम नव्हता. त्यानंतर तिथल्या रेल्वेने गाड्या हलवण्याचे नियम ठरवले. आपण चिपळूणनंतर काय ठरवले, ते सांगा.

सगळा भार चालकावर

पावसाळ्यात मुक्कामी गाडी घेऊन जाणाऱ्या चालकाची रात्र डोळ्यांपुढे आणा. नाल्यावर फरशी पूल आहे. त्यावरून पाणी वाहते आहे. कडेचे पांढरे दगड दिसतात की नाही, यावर तो पाण्याचा अंदाज घेतो. वाहक बॅटरी घेऊन खाली उतरतो, काठीने पाणी चाचपतो. मोबाइलला रेंज नाही. मागून प्रवासी ओरडतात, "जाऊ द्या हो मास्तर, मघाशी ट्रक गेला की!" पुढे गेला आणि सुखरूप पोहोचला तर कोणाला काही कळत नाही. थांबला तर प्रवाशांच्या शिव्या, गाडी उशिरा पोहोचल्याबद्दल विचारणा आणि सकाळची फेरी चुकल्याचा ठपका. आणि गाडी वाहून गेली तर चौकशीत पहिले वाक्य ठरलेले: चालकाने धाडस करायला नको होते.

२८ सप्टेंबर २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर हेच झाले. नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात उलटली आणि माणसे गेली. चालकाने पाण्यात गाडी घालायला नको होती, हे सगळेच म्हणाले. पण पाणी पुलावर असताना त्या रस्त्यावर गाडी सोडायला कोणीच मनाई कशी केली नाही, हे कोणी विचारले नाही.

म्हणून आम्ही ठामपणे सांगतो: रात्रीच्या वेळी, पावसात, एकट्या चालकावर जीवन-मरणाचा निर्णय टाकणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हा वरच्या कार्यालयांचा आहे. चालकाला थांबण्याचा लेखी अधिकार द्या. थांबल्याबद्दल एक पैसा दंड नाही, एक मेमो नाही, एका फेरीची कपात नाही, असा स्वच्छ शब्दांत आदेश काढा आणि तो प्रत्येक आगाराच्या भिंतीवर लावा.

रेल्वेला जमते, मग रस्त्याला का नाही?

'हे प्रत्यक्षात शक्य नाही' असे कोणी म्हणणार असेल तर त्याने कोकण रेल्वेकडे बघावे. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली आणि सुट्टीसाठी सोडलेली विशेष गाडी तिच्यावर आदळली. पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसचाही असाच अपघात झाला. एवढी किंमत मोजल्यावर व्यवस्था उभी राहिली. आज पावसाळ्यात या मार्गावर वेगळे वेळापत्रक लागते आणि गाड्यांचा वेग उतरवला जातो. मुसळधार पावसात पुढचे दिसत नसेल तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणण्याची सूचना लोको पायलटला आधीच दिलेली असते. डोंगराच्या पायथ्याशी रात्रंदिवस गस्त असते. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरच्या पुलांना पुराची सूचना देणारी यंत्रणा बसवलेली आहे. २०२१ च्या त्याच जुलैमध्ये वाशिष्ठीचे पाणी वाढले तेव्हा गाड्या वेगवेगळ्या स्थानकांवर रोखून धरल्या गेल्या. सुमारे ६,००० प्रवासी अडकले, हाल झाले, पण जीव वाचले.

त्याच नद्या, तोच पाऊस आणि तीच रात्र. मग सावित्रीवरून रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशाचा जीव मोलाचा आणि रस्त्याने जाणाऱ्याचा नाही, असे तुम्हाला म्हणायचे आहे काय? म्हणायचे नसेल, तर रस्त्यावरच्या किती पुलांना पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा आहे आणि किती पुलांवर पावसाळ्यात रात्री माणूस उभा असतो, ते पुलाच्या नावासकट जाहीर करा.

रेल्वेनेही यावर पाठ थोपटून घेऊ नये. गाडी थांबवली की काम संपत नाही. २६ जुलै २०१९ ला मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूरच्या पुढे वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी रात्रभर पाण्याने वेढलेल्या डब्यांत बसून होते. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढले. सुटकेचा आनंद आम्हालाही झाला. पण तेवढ्या पावसात गाडी बदलापूरच्या पुढे कोणाच्या हुकुमाने गेली, आणि आज ती तशीच गेली तर तिला कोण रोखील, हा प्रश्न त्या आनंदात बुडवू नका. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढून लोक रुळांवर उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान १२ जण सापडले. आग नव्हती. डब्यात 'खाली उतरू नका' असे सांगणारा आवाज असता, तर ती माणसे घरी पोहोचली असती. थांबलेल्या गाडीत प्रवाशांशी कोण बोलणार आणि कशावरून बोलणार, हे ठरवणे हासुद्धा पूर्वतयारीचाच भाग आहे.

कायदा काय सांगतो

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा आहे. कलम ३२ प्रमाणे जिल्ह्यातल्या केंद्राच्या आणि राज्याच्या प्रत्येक कार्यालयाने आपला आपत्ती आराखडा तयार करायचा आहे, वेळोवेळी तपासायचा आहे. कलम ३४ जिल्हा प्राधिकरणाला धोक्याच्या भागात जाणारी आणि त्या भागातली वाहतूक रोखण्याचा अधिकार देते. म्हणजे थांबवण्याचा अधिकार नाही, अशी सबब चालणार नाही. अधिकार आहे, तो वेळेवर वापरणारा माणूस नेमलेला नाही. कलम ५६ प्रमाणे नेमून दिलेले कर्तव्य करायला नकार देणाऱ्या किंवा त्यातून अंग काढून घेणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आणि कलम ६० प्रमाणे किमान ३० दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक न्यायालयात तक्रार नेऊ शकतो.

या पत्रासोबत ती नोटीस विहित रीतीने, स्वतंत्रपणे बजावली जात आहे. कलम ५९ खाली खटल्यासाठी पूर्वमंजुरी लागते, हेही आम्हाला माहीत आहे. ती मागू. नाकारलीत तर नकार लेखी मागू आणि तो कागद उच्च न्यायालयापुढे ठेवू.

सबबी पुरे

'निसर्गापुढे कोणाचे चालते?' चालत नाही, कबूल. पाऊस थांबवा असे आम्ही म्हणतच नाही. गाडी थांबवा असे म्हणतो. ती तुमच्या हातात आहे.

'निधी नाही.' पुलाच्या खांबावर पाण्याच्या पातळीचे पट्टे रंगवायला, आगाराच्या भिंतीवर चार फोन नंबर लिहायला आणि चालकांसाठी एक पानाचा आदेश काढायला कुठला निधी लागतो?

'कर्मचारी अपुरे आहेत.' असतील. मग जेवढे कर्मचारी आहेत तेवढ्यांत किती मार्ग सुरक्षित चालवता येतील ते सांगा आणि अतिवृष्टीच्या दिवशी बाकीचे मार्ग आधीच जाहीर करून बंद ठेवा. आधी कळले तर प्रवासी घरी थांबतील.

'सराव झाला आहे.' कधी झाला? भर दुपारी, कोरड्या मैदानात, फोटोसाठी? आपत्ती रात्री येते, वीज गेलेली असते, साहेब मुख्यालयात नसतात. तसा सराव करून दाखवा.

मागण्या आणि तारखा

१. १५ मेपर्यंत: प्रत्येक जिल्ह्यातल्या धोक्याच्या पुलांची, मोऱ्यांची, फरशी पुलांची आणि दरडप्रवण घाटरस्त्यांची यादी गावाच्या नावासह मराठीत प्रसिद्ध करा. प्रत्येक पुलापुढे पाणी कुठवर आल्यावर वाहतूक बंद होईल ते लिहा, आणि ती बंद करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, नाव व चोवीस तास चालणारा फोन द्या. हा हुकूम एसटीइतकाच खासगी गाड्यांनाही लागू राहील, हे त्यात स्पष्ट करा.

२. १५ मेपर्यंत: चालक आणि लोको पायलट यांनी धोका पाहून गाडी थांबवली तर कोणतीही कारवाई होणार नाही, असा लेखी आदेश काढा. आदेशाची प्रत कर्मचाऱ्यांच्या हातात पडली पाहिजे. नुसती सूचना फलकावर लावून भागणार नाही.

३. २० मेपर्यंत: पूरक्षेत्रातल्या प्रत्येक आगाराने आणि यार्डाने गाड्या हलवण्याची उंच जागा, हलवण्याची पाणीपातळी आणि त्या रात्री लागणाऱ्या चालकांची पाळी ठरवून जाहीर करावी.

४. २५ मेपर्यंत: प्रत्येक जिल्ह्यात एकदा, अंधार पडल्यावर, आधी तारीख न कळवता सराव घ्या. नियंत्रण कक्षातून निघालेला हुकूम चालकापर्यंत पोहोचायला लागलेली मिनिटे मोजा आणि तो आकडा लपवू नका. आकडा लाजिरवाणा निघाला तरी चालेल. तो सुधारता येतो.

५. ३१ मेपर्यंत: थांबलेल्या गाडीतल्या प्रवाशांना माहिती, पाणी, उजेड आणि सुरक्षित जागा कोण देणार, हे प्रत्येक स्थानक आणि बसस्थानकासाठी ठरवा. गरोदर बाया, म्हातारी माणसे आणि अपंग प्रवासी यांची सोय त्यात वेगळी नोंदवा.

न झाल्यास

१५ मे उलटताच माहिती अधिकाराचे अर्ज दाखल होतील. हा जिवाचा प्रश्न आहे, म्हणून आम्ही ३० दिवस थांबणार नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे ४८ तासांत उत्तर मागू. ज्या कार्यालयाने उत्तर दिले नाही त्याचे नाव त्या त्या बसस्थानकावर आणि बाजारपेठेत फलकावर लावू.

१ जून हा एसटीचा वर्धापनदिन. १९४८ साली याच दिवशी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. मागण्या पूर्ण झाल्या असतील तर त्या दिवशी आम्ही तुमच्या सत्काराला येऊ आणि मनापासून येऊ. झाल्या नसतील तर त्याच सकाळी आगारांच्या दारात धरणे धरू. गाडी अडवणार नाही आणि प्रवाशाला त्रास देणार नाही. पण विभाग नियंत्रकाने आणि अभियंत्याने बाहेर येऊन लोकांसमोर उत्तर दिल्याशिवाय उठणारही नाही. नोटिशीची मुदत तोवर संपलेली असेल. न्यायालयातली तक्रार त्यानंतर थांबणार नाही.

चालक, वाहक, ट्रॅकमन, स्टेशन मास्तर आणि लोको पायलट यांना आमचे सांगणे आहे: हा इशारा तुमच्याविरुद्ध नाही. पाण्यासमोर तुम्ही गाडी उभी केलीत तर आम्ही तुमच्या पाठीशी उभे राहू. वरून कोणी 'काढा गाडी' म्हटले तर त्याचे नाव आणि वेळ लिहून ठेवा.

प्रवाशांनाही बजावतो. थांबलेल्या चालकाला पुढे जायला भरीस घालणारा माणूस आपल्यासोबत चाळीस जणांना मरणाच्या दारात नेतो. घरी पोहोचायला एक रात्र उशीर होईल, होऊ द्या. बॅरिकेड बाजूला सारून दुचाकी पुढे काढणाऱ्यालाही आमची सहानुभूती मिळणार नाही.

शेवटी अधिकारी मंडळींना पुन्हा एकदा सांगतो. येत्या पावसाळ्यात पूल गेला, आगार बुडाले किंवा गाडी वाहून गेली, तर 'आम्हाला कल्पना नव्हती' हे वाक्य तुम्हाला म्हणता येणार नाही. कल्पना आज, लेखी, तारखेसह दिली आहे. ३१ मेला संध्याकाळी कार्यालय बंद होण्याच्या आत उत्तर द्या. १ जूनला आम्ही दारात आहोत.